दडे कानाला, बग नाकात

शनिवार आहे, दुसरा चहा झालाय, तेव्हा जरा भांडू या. आमच्या टीममध्ये सध्या तिघाचौघांकडे दोन ते पाच वर्षांची पोरं आहेत. एकाच्या पोराला सर्दीने कानाला दडे बसले, की बाकीचे लगेच उपाय सांगतात : लसणीचं कोमट तेल घाल कानात.

माझं म्हणणं, तेल नको म्हणजे नकोच!

नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते, युस्टेशियन ट्यूब. आत हवा पोचवायची, साठलेलं पाणी बाहेर काढायचं, हे तिचं काम. लहान मुलांत ती आखूड, अरुंद आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजली की हवा बंद, पडदा आत ओढला जातो आणि मागे पाणी साठतं. म्हणजे बग एका मॉड्यूलमध्ये आणि आपण पॅच मारतोय भलतीकडेच. पडदा शाबूत असेल तर तेल पलीकडे पोचतच नाही, आणि फाटलेला असेल तर पोचायलाच नको. शिवाय "कोमट" म्हणजे नक्की किती, हे कोण मोजतं?

तेव्हा नाकाकडे बघा. सलाइनचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात. पाणी, सूप घोटघोट पाजा. गिळताना ती नळी क्षणभर उघडते. (विमान उतरताना बाळाला दूध पाजतात ते याचसाठी.) बाटली मात्र आडवं निजवून देऊ नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. आणि आजीचा फडक्याचा शेक? बाहेरून, आधी आपल्या मनगटाला लावून बघून, जरूर द्या. आजीला निम्मे मार्क :)

सर्दीचं सिरप आपल्या मनाने आणू नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलंय.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, कानातून पू येत असेल, कानामागे सूज असेल, किंवा दोन दिवसांत दुखणं कमी झालं नाही, तर सरळ डॉक्टर.

मला जास्त काळजी वाटते ती दुखणं थांबल्यानंतरची. पडद्यामागचं पाणी पुढे कित्येक आठवडे तसंच राहू शकतं. पोर टीव्हीचा आवाज वाढवतं, हाकेला ओ देत नाही, आणि आपण "लक्षच नसतं याचं" म्हणून त्याच्यावर खेकसतो. अहो, त्याला ऐकूच कमी येतंय! असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा, आणि तीन महिन्यांनीही तसंच असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्याच. तोवर मागून ओरडू नका, समोर जाऊन बोला.