चोवीस तास पाणी आणि आमची पाणीपट्टी

आमच्या कापडाच्या गाठी दोन-तीनदा भलतीकडे गेल्या आहेत. चिठ्ठीवर नुसते मलकापूर लिहिले की माल कधी बुलढाण्याच्या मलकापूरला उतरतो, कधी कऱ्हाडशेजारच्या. आम्ही शाहूवाडी तालुक्यातले, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे. अशाच एका गाठीच्या मागे कऱ्हाडच्या मलकापुरात जाणे झाले आणि तिथल्या नळाची हकीकत कळली. ती व्यापारी बांधवांपुढे ठेवतो, कारण पाणीपट्टी वाढणार म्हटले की पहिली ओरड आपलीच असते.

त्या गावाला 2009 च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून कोयनेचे पाणी चोवीस तास सुरू झाले. मोठमोठ्या शहरांना जे जमले नव्हते ते या लहान गावाने केले. एचडीपीईच्या नळ्या टाकल्या, घरोघर मीटर बसवले. रीडिंग घरात न शिरता, बाहेरूनच रेडिओ लहरींवर घेता येई. दर चढता ठेवला. कमी वापराला स्वस्त, पुढे महाग. या कामाला पंतप्रधानांचा पुरस्कारही मिळाला.

चोवीस तास नळ सोडला तर नदी पुरायची नाही, असे आम्हालाही वाटायचे. पण उर्दू शाळेत ऐकलेला बीर-ए-रूमाचा किस्सा आठवला. मदिन्यातल्या त्या विहिरीचे पाणी मालक विकत असे. हजरत उस्मान (रजि.), जे स्वतः कापडाचे व्यापारी, त्यांनी आधी अर्धी विहीर घेतली; एक दिवस त्यांचा, एक दिवस मालकाचा. त्यांच्या दिवशी पाणी मोफत, म्हणून लोक त्याच दिवशी दोन दिवसांचे भरून ठेवू लागले. मालकाकडे कोणी फिरकेना. शेवटी त्याने उरलेली अर्धीही विकली आणि विहीर सर्वांसाठी वक्फ झाली.

एक दिवसाआड पाणी आले की माणूस दोन दिवसांचे भरणारच. नवे आले की शिळे ओतून देतो. तोटी उघडीच राहते. नळालाच मोटर लावून शेजाऱ्याचे ओढून घेणारे आपल्यातही आहेत. शिवाय नळी रिकामी झाली की फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली, माणसे दगावली. ज्या गावाच्या मागावर आपला धंदा चालतो तिथला कारागीर अंथरुणाला खिळला तर आपल्या दुकानात माल कुठून यायचा?

आता हिशेब करू. पाणीपट्टी कमी म्हणून आपण खूश असतो. पण टाकी, मोटर, तिची वीज, बोअर, उन्हाळ्यातला टँकर हे कोणत्या वहीत लिहितो? नळाची वाट पाहत थांबलेली शिलाईवाली बाई दहाऐवजी अकराला मशीनवर बसते. रोजचा तो एक तास जातो, त्याची पावती कोणी देत नाही.

विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र आम्हाला सोळा आणे पटते. पाणी चोवीस तास नसताना मीटर बसवू नये. रिकाम्या नळीतली हवासुद्धा काटा फिरवते आणि गिऱ्हाईक हवेचे पैसे भरते. तेव्हा आधी गळती काढा, दाब द्या, मग मीटर. गरीब घराचा पहिला टप्पा नाममात्र दराचा हवा. दुकानाचा दर घरापेक्षा जास्त असला तर आम्ही कुरकुर करणार नाही.

मशिदीच्या नळालाही मीटर असावे असे आम्ही म्हणालो, तेव्हा जमाअतीत दोघे-तिघे नाराज झाले. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही रसूलुल्लाह (स.) यांची ताकीद त्यांनाही ठाऊक आहे. नगरपरिषदेने सांगण्याची वाट न पाहता हौजाच्या नळावर आपणच एक मीटर बसवावे आणि महिन्याचा आकडा फलकावर लिहावा, असे आम्ही सुचवले आहे. मीटरचा खर्च आमच्या दुकानाकडे.