टाळेबंदीतील घरगुती सराव : काय टिकते, काय सुटते

करोनाच्या साथीत, 24 मार्च 2020 या एकाच दिवशी भारतीय खेळाडूंच्या वाट्याला दोन निर्णय आले. टोकियो ऑलिंपिक पुढच्या वर्षावर ढकलण्यात आले आणि त्याच मध्यरात्रीपासून देशभर 21 दिवसांची टाळेबंदी लागू झाली, जी पुढे अनेकदा वाढत गेली. ज्या स्पर्धेसाठी चार वर्षांची आखणी केली होती ती लांबली आणि ज्या मैदानावर, तलावात किंवा आखाड्यात ती आखणी अमलात आणायची तेही बंद झाले. घरात राहून सराव चालू ठेवल्याची दृश्ये त्या काळात कौतुकाने पाहिली गेली. पण त्या सरावाने नेमके काय टिकू शकते आणि काय टिकू शकत नाही, याचा विचार त्या कौतुकाच्या मानाने फारच थोडा झाला.

सराव थांबल्यावर शरीराने कमावलेले गुण उतरू लागतात, या प्रक्रियेला क्रीडाशास्त्रात ‘डीट्रेनिंग’ म्हणतात. तिचे सर्वांत विश्वसनीय माप म्हणजे ‘व्हीओटू मॅक्स’, अर्थात कमाल श्रमाच्या वेळी शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे प्रमाण. अमेरिकी संशोधक एडवर्ड कॉइल यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की दमसासाचे खेळ खेळणाऱ्यांनी सराव पूर्ण थांबवल्यास हे प्रमाण पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे 7 टक्क्यांनी घटते आणि आठ आठवड्यांनंतर मूळ पातळीच्या सुमारे 16 टक्के खाली येऊन स्थिरावते. सुरुवातीची घसरण मुख्यतः रक्ताचे आकारमान कमी झाल्यामुळे होते, कारण रक्त कमी झाले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्तही कमी होते. स्नायूंचे बळ त्या मानाने सावकाश उतरते. म्हणूनच धावपटू, जलतरणपटू आणि सायकलपटू यांना टाळेबंदीच्या पहिल्या महिन्याची जितकी धास्ती होती, तितकी ती भारोत्तोलकांना असण्याचे कारण नव्हते.

ही घसरण रोखायला किती सराव पुरतो, याचे उत्तर रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात शोधले. दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटे कसून सराव केलेल्या व्यक्तींचा व्यायाम त्यांनी पुढील 15 आठवडे निरनिराळ्या प्रकारे कमी करून पाहिला. दिवस सहावरून दोनवर आणले किंवा वेळ 40 मिनिटांवरून 13 मिनिटांवर आणली, तरी तीव्रता कायम असेल तर कमावलेले प्रमाण टिकून राहिले. मात्र तीव्रता एक तृतीयांशाने उतरवताच ते घसरू लागले. घरात अडकलेल्या खेळाडूसाठी याचा अर्थ स्पष्ट होता. दिवसभर संथपणे घाम गाळण्यापेक्षा जिन्यावरच्या जोरकस धावा, दोरीउड्यांचे वेगवान हप्ते किंवा स्थिर सायकलवरील छातीचा भाता फुलवणारी पाच-सहा आवर्तने अधिक उपयोगी होती.

महाराष्ट्रातील तालमींना हे तत्त्व नवे नव्हते. जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि मुद्गल हा सगळा व्यायाम अंगणात किंवा पडवीत होऊ शकतो आणि गावी परतलेल्या अनेक पैलवानांनी अंगमेहनत याच मार्गाने चालू ठेवली. परंतु कुस्तीत मेहनत ही केवळ पूर्वतयारी असते. प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणत्या क्षणी ढळतो हे हाताला कळणे आणि त्याच क्षणी पट काढणे, हे जोडीदाराच्या अंगाला अंग भिडल्याशिवाय येत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट साथीच्या काळात निषिद्ध होती. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीनंतरची पुढची स्पर्धा थेट एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात झाली. पैलवानाच्या उमेदीची वर्षे मुळातच मोजकी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या खंडाचे गांभीर्य कळते.

जलतरणाची स्थिती याहून बिकट होती. पाण्यात हाताने किती प्रतिरोध पकडला जातो याची सूक्ष्म जाणीव, जिला प्रशिक्षक ‘पाण्याची पकड’ म्हणतात, ती जमिनीवर रबरी पट्टे ओढून राखता येत नाही. केंद्र सरकारने क्रीडासंकुले प्रेक्षकांविना उघडण्यास मे 2020 मध्ये परवानगी दिली, तरी तलाव खेळाडूंच्या सरावासाठी खुले होण्यास 15 ऑक्टोबर उजाडला. कोल्हापूरचा ऑलिंपियन जलतरणपटू वीरधवल खाडे याने जूनमध्येच निवृत्तीचा विचार करावा लागेल असे जाहीरपणे म्हटले होते. त्याच काळात अमेरिकेत केटी लेडेकी एका घराच्या मागील अंगणातल्या खाजगी तलावात सराव करत होती.

नेमबाजीत घरगुती सरावाला वाव सर्वांत जास्त होता. गोळी न भरता नेम धरून चाप ओढण्याच्या ‘ड्राय फायरिंग’मध्ये श्वास, पवित्रा आणि बोटाचा दाब घोटवता येतो, आणि नळीला जोडलेले संवेदक उपकरण नेमाची हालचाल संगणकाच्या पडद्यावर दाखवते. तरीही 10 मीटर एअर रायफलचा खेळाडू लांब दालनात प्रत्यक्ष लक्ष्य लावू शकतो, तर 25 मीटर पिस्तुलासाठी लागणारी काडतुसे घरात झाडताच येत नाहीत. म्हणजे एकाच खेळातही घराने सर्वांना सारखी साथ दिली नाही.

ही विषमता सर्वत्र होती. 3 मे 2020 रोजी आर्मंड डुप्लांटिस, रेनो लाव्हिलेनी आणि सॅम केन्ड्रिक्स या पोलव्हॉल्टपटूंनी आपापल्या अंगणातून एकमेकांशी स्पर्धा केली आणि 30 मिनिटांत पाच मीटर उंचीवरची आडवी काठी पहिल्या दोघांनी प्रत्येकी 36 वेळा, तर केन्ड्रिक्सने 26 वेळा ओलांडली. हा प्रयोग विलक्षण होता. पण अंगणात धावपट्टी आणि गादी असलेल्यांनाच तो शक्य होता. ज्या खेळाडूचे कुटुंब दोन खोल्यांत राहते आणि ज्याचा सकस आहार वसतिगृहाच्या भोजनगृहावर अवलंबून असतो, त्याच्यासाठी घरी परतणे म्हणजे जागा, साधने आणि प्रथिने एकाच वेळी गमावणे होते.

परतीचा टप्पाही तितकाच नाजूक असतो. 2011 साली अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये मालक व खेळाडू यांच्या वादामुळे संघांची सरावकेंद्रे बंद राहिली आणि ती उघडल्यावर पहिल्या 29 दिवसांत 12 खेळाडूंची टाचेमागील अकिलीस कंडरा तुटली. स्नायूला हाडाशी जोडणारा हा दोर स्नायूपेक्षा सावकाश बळकट होतो, त्यामुळे उत्साहाने भार वाढवणाऱ्याला तोच आधी दगा देतो. याउलट, भारोत्तोलक मीराबाई चानू ऑक्टोबर 2020 मध्ये उपचार व पुनर्वसनासाठी अमेरिकेत गेली, एप्रिल 2021 मध्ये तिने क्लीन अँड जर्क प्रकारात 119 किलोंचा विश्वविक्रम केला आणि टोकियोत रौप्यपदक मिळवले.

घरगुती सराव ही क्षमता राखण्याची व्यवस्था आहे. ती खेळाची जागा घेऊ शकत नाही, आणि क्षमता राखण्याचा सारा भार खेळाडूच्या जिद्दीवर टाकणे अन्यायाचे आहे. पुढील संकटात क्रीडाखात्याने आणि संघटनांनी पहिल्याच आठवड्यात साधने व आहारभत्ता घरपोच द्यावा, पाणी किंवा जोडीदार यांवाचून ज्यांचे चालत नाही अशा खेळांसाठी नियंत्रित केंद्रे सर्वांत आधी उघडावीत आणि पुनरागमनाचे टप्पे लेखी ठरवून द्यावेत. याची योजना मैदाने उघडी असतानाच तयार व्हायला हवी.