बचत : उपदेश आणि सवय

काही वर्षांपूर्वी वडिलांना रात्री मुखेडहून नांदेडच्या दवाखान्यात हलवावे लागले. अनामत रक्कम भरायची वेळ आली, तेव्हा माझ्या खात्यात ती भरण्याइतकीही शिल्लक नव्हती. महाविद्यालयात कायम नोकरी, दरमहा नियमित पगार, घरात कोणतेही व्यसन नाही. तरीही ही अवस्था. सहकाऱ्यांनी काही रक्कम जमवली. उरलेले पाच हजार आणून दिले ते आमच्याकडे धुण्याभांड्यासाठी येणाऱ्या मावशींनी. "गटातून काढलेत, सर. तुमचं काम भागलं की द्या," एवढेच त्या म्हणाल्या. पैसे मी परत केले. परंतु त्या प्रसंगाने मनात उभा केलेला प्रश्न अजून गेलेला नाही. माझ्या कितीतरी पट कमी मिळकत असलेल्या बाईंजवळ अडीअडचणीची तरतूद होती आणि माझ्याजवळ नव्हती, ती का?

आपल्याकडे काटकसरीचा उपदेश नेहमी वरून खाली वाहत आला आहे. गरीब माणूस गरीब का, तर तो उधळ्या आहे म्हणून, असे ठरवून टाकणे सुखवस्तू माणसाला सोयीचे असते. शेतकऱ्याच्या कर्जाचे मूळ त्याच्या लग्नकार्यातील खर्चात शोधणाऱ्यांना महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये उत्तर दिले. आपण हे पुस्तक वर्गात शिकवतो. परंतु स्टाफरूममध्ये तोच जुना आक्षेप पुन्हा ऐकू येतो. मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघण्यापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घेतात. या शब्दाचा अर्थ नीट पाहावा. उद्याचे श्रम आजच विकून टाकणे म्हणजे उचल. बचत म्हणजे आजच्या श्रमातील काही भाग उद्यासाठी राखणे. ज्याचा उद्याच आधी गहाण पडला आहे, त्याला बचतीचे व्याख्यान देणे हा शहाणपणा नव्हे. तेथे प्रश्न सवयीचा नसून मिळकतीचा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

मग सवयीचा प्रश्न कोणाचा? तो आपला आहे, म्हणजे पगारदारांचा. आपण बचत करतो ती 'उरले तर'. महिना संपताना काही उरत नाही आणि आपण महागाईला बोल लावून मोकळे होतो. वस्तुतः आपल्याच पगारपत्रकात याचे उत्तर आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आली. तीत मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम कापली जाते. या योजनेविषयी आपल्या तक्रारी आहेत आणि त्या रास्तही आहेत. पण हातात न आलेल्या त्या दहा टक्क्यांवाचून आपले घर चाललेच ना? जे आधी बाजूला पडते, त्याच्याशिवाय माणूस निभावतो. जे शेवटी बाजूला टाकायचे ठरवतो, ते कधीच पडत नाही. बचतीत मनोनिग्रहापेक्षा क्रमाला महत्त्व अधिक आहे.

मात्र क्रम कळला म्हणून सवय जडत नाही. तिला वही लागते आणि साक्षीदारही लागतो. बचत गटांची पंचसूत्री आपण गावोगावच्या फलकांवर वाचलेली असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली. या पाच सूत्रांत मनाच्या निर्धाराविषयी एक शब्दही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रक्कम लहान असली तरी ती ठरलेल्या दिवशी दहा-पंधरा जणींसमोर ठेवायची असते. ती न ठेवल्यास शेजारीण विचारते. मावशींची बचत टिकली, ती या विचारण्यामुळे. आम्ही मात्र पगाराचा आकडा घरातसुद्धा नीट सांगत नाही.

वहीची महती आपल्या परंपरेला नवी नाही. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहणाऱ्या एकनाथांनी एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनकार त्या पैवरून लगेच परमार्थाकडे वळतात. मला मात्र थोडा वेळ त्या वहीपाशीच थांबावेसे वाटते. एक पै कोठे गेली हे शोधणारा माणूस कंजूष नसतो. तो जागा असतो. मागच्या महिन्यात माझे किती रुपये कोठे गेले, हे मला सांगता येत नव्हते. खरी अडचण तीच होती.

बचत ठेवावी कोठे, याचाही विचार हवा. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत अनेक गृहिणींना डाळ-तांदळाच्या डब्यांत लपवलेल्या नोटा घरच्यांसमोर काढाव्या लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले. अशा वेळी घरात ठेवलेल्या पैशाचा भरवसा किती, हे वेगळे सांगायला नको. दुसरीकडे, दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून पतसंस्थेत सारी पुंजी ठेवणारेही आपल्यात आहेत. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. आयुष्यभराची पुंजी ठेवण्यापूर्वी एवढा फरक तरी प्रत्येकाने जाणून घ्यावा.

हे सारे उपदेशाच्या सुरात उतरले असल्यास क्षमस्व. माझ्यापुरते सांगायचे तर, गेल्या दोन वर्षांपासून आमच्या विभागातील पाच जण दर महिन्याच्या पाच तारखेला एकत्र बसतो. पगारातील ठरलेली रक्कम प्रत्येकाने आपापल्या आवर्ती ठेवीत टाकली की नाही, याची नोंद एका वहीत होते. आमच्यातील तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचे मानधन अनेक महिने रखडते. त्याच्या नावापुढे त्या महिन्यांत रिकामी जागा राहते आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावत नाही. मिळकत नसताना बचत मागू नये, हा आमचा पहिला नियम आहे. मिळकत असताना सबब ऐकू नये, हा दुसरा. ही वही कशी आखावी, हे मात्र आम्ही मावशींना विचारूनच ठरवले.