घामाला पुराव्याची जोड हवी



आपल्या बडोद्याला तालमीचा वारसा आहे, तसाच लेखणीचाही. प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून अनेक शिष्य घडविले. याच शहरात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम' मासिक चालविले आणि १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. १९५० मध्ये त्यांचा इंग्रजी कोशही निघाला. उस्तादाच्या तोंडी असलेली विद्या त्यांनी छापील पानावर आणली. एकदा छापले की ते कोणालाही तपासता येते, आणि चूक असेल तर दाखवताही येते. आरोग्यावर लिहिणाऱ्याचे खरे काम हेच.

आज आपली मुले व्यायामाचे धडे मोबाइलवर घेतात. समोरचा पीळदार दंड दाखवतो आणि लगेच पावडरचा डबा पुढे करतो. त्याने मेहनत केली असेलही. पण स्वतःच्या शरीराला मानवले म्हणजे सर्वांना मानवेल, हे सिद्ध होत नाही. उलट, कधी जोर-बैठक न काढलेला लेखक केवळ शोधनिबंध वाचून सल्ला देतो, तेव्हा त्याला दुखऱ्या खांद्याची अडचण कळत नाही. म्हणून शक्तीचे खेळ खेळलेला आणि विज्ञान समजणारा पत्रकार मोलाचा. मात्र त्याच्याकडेही पुरावा मागायलाच हवा.

एक उदाहरण घ्या. 'वजन उचलले की उंची खुंटते' असे आपण घरोघरी ऐकतो. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने वाढ खुंटते, याला आधार मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. असे असताना परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो पी.टी.च्या तासाचाच!

माझी सूचना साधी आहे. पी.टी.चा तास गणिताला देऊ नये. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने व्यायामाविषयी ऐकलेला एक दावा निवडावा आणि तीन प्रश्न विचारावेत: हे कोण सांगतो? त्यात त्याचा फायदा काय? पुरावा कुठे आहे? उत्तरे याच अंकात छापावीत. त्यातूनच उद्याचा एखादा मुजुमदार घडेल.