छडी गेली, तिच्या जागी काय आलं?

"मास्तरांचा धाकच राहिला नाही, म्हणून पोरं वर्गात धिंगाणा घालतात." पालकसभेत हे वाक्य ठरलेलं. छडी परत आणा म्हणणाऱ्यांनी वसई आठवावी. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथं उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या. काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला 2010 पासून मनाई आहे. ती योग्यच. पण छडीच्या जागी गुरुजींच्या हाती दिलं काय?

आपल्याकडचंच बघा. गंगाखेड, पालमकडची कितीतरी पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर वर्ग भागाकारावर गेलेला, ह्याचा गुणाकारही राहिलेला. कळत नाही, मग पोरगं बाक वाजवतं, शेजारच्याला चिमटे काढतं. आपण त्याला वांड म्हणून मोकळे! त्याला रोज अर्धा तास मागचं शिकवलं, तर निम्मा गोंधळ थांबेल असं माझं मत. पण दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरायला बसले, की दुसऱ्यापुढं चारही वर्ग. (सांभाळून बघा एकदा.)

झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात, म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत छडी नका मागू. परतलेल्या पोरांसाठी तो अर्धा तास मागा, आणि तो घ्यायला माणूस मागा.