बाळ बघायला येऊ नका!

परवा आमच्या भाचेसुनेने घरच्या ग्रुपवर निरोप टाकला. "बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत कृपया कोणी भेटायला येऊ नये. फोटो रोज टाकत जाईन." झालं! दोन दिवस माझा फोन थांबायला तयार नाही. "आम्ही काय परके?" "आमच्या वेळी नव्हती असली थेरं, आमची पोरं जगली नाहीत का?" आता यातले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच सांगून टाकते. मी सुनेच्या बाजूची आहे.

कारण सांगते. हे आजवर घरात कोणाला बोलले नव्हते. २०१९ साली नणंदेच्या लेकीला मुलगा झाला. बाळ वीस दिवसांचं. मला पंधरा दिवस कोरडा खोकला होता. "हवा बदलली की होतो" म्हणून मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, बाळाला मांडीवर घेतलं, भरपूर पापे घेतले. आठवड्याने बाळ दूध ओढेना, श्वास भराभर चालू लागला. चार दिवस ऑक्सिजनवर होतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला खोकला होता का?" मी तिथेच उभी होते. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." माझा मान राखला तिने. आणि मी? मीही गप्प बसले. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई!

माझ्यामुळेच झालं असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. बाळ आज ठणठणीत आहे, शाळेत जातं. पण नंतर मी वाचत गेले. मोठ्यांना साधी सर्दी करणारे काही विषाणू तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवतात. डांग्या खोकला मोठ्या माणसात नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो, पण बाळाचा श्वासच थांबवू शकतो. त्याची लस बाळाला पहिल्यांदा मिळते ती सहाव्या आठवड्यात. भाचेसुनेचा दीड महिना म्हणजे थेर नव्हे, हिशोब आहे.

मी शास्त्राची नाही, मराठी आणि इतिहास शिकवला. म्हणून इतिहासातलंच सांगते. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टर. डॉक्टरांच्या विभागात बायका कितीतरी जास्त मरत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आलं, की आपण शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासतो. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या, जूनमध्ये जेमतेम दोन. जंतूंचा सिद्धांत तेव्हा सिद्धही झाला नव्हता. तरीही बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आमच्यासारख्यांचे हात घाण? अपमान वाटला. १८६५ साली तो बिचारा वेड्यांच्या इस्पितळात मेला.

आपल्या ग्रुपवरचा रुसवा याच जातीचा नाही का? "येऊ नका" म्हणजे "तुम्ही नकोत" असं आपण ऐकतो. ती म्हणते आहे ती जंतूंबद्दल, आपल्याबद्दल नाही.

आणि "आमच्या वेळी नव्हतं" हेही खरं नाही. सोयर काय होतं मग? दहा दिवस शिवाशीव नाही. बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकायचं नाही, अशी माझ्या आजीची ताकीद असे. मात्र सगळं जुनं चांगलं असंही मी म्हणणार नाही. त्याच खोलीत धूर कोंडलेला, आणि नाळ कापायला घरातलाच विळा. त्यातून धनुर्वात होई. तो बाळाला धरतो तो बहुधा पहिल्या पंधरवड्यात. पाचवीच्या रात्रीची एवढी भीती का होती, याचं एक उत्तर मला तिथे दिसतं. गरोदर बायांना लस आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, एवढ्यानं तो इतका आटोक्यात आला, की २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला त्याच्या निर्मूलनाचं प्रमाणपत्र दिलं. "आमची पोरं जगली" असं म्हणताना जी जगली नाहीत त्यांना आपण मोजत नाही. माझ्या आईची दोन गेली.

तेव्हा मंडळी, रुसू नका. दीड महिन्यानंतर जा, पण सर्दी-खोकला असेल तर तेव्हाही नको. गेल्यावर आधी साबणाने हात धुवा, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. पापा घेऊ नका. आणि कोणी आडवलं तर त्या मुलीला माझ्यासारख्या मोठ्या माणसाचा मान राखायला लावू नका.

मी लाडू करायला घेतले आहेत. डबा दारात ठेवून परत येईन.

आणि २०१९ च्या त्या बाळाच्या आईला... ती हे वाचेलच. उद्या फोन करते गं.