पाटीवरचं इंग्रजी, शेजारचं मराठी

पूर्णा जंक्शनवर गाडी थांबली की फलाटावर एकदम चार भाषा उतरतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले पंजाबी भाविक, सिकंदराबादकडची तेलुगू कुटुंबं, हिंगोली-अकोल्याची गाडी धरायला धावणारी आपली माणसं. यातल्या ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याच्यासाठी पाटीवर इंग्रजी असतं. ते शोभेसाठी नसतं. म्हणून ते चुकलं की नेमका तोच माणूस अडतो.

हसू येतं, हे खरं. रस्त्याकडेच्या ढाब्यांवर ‘चिल्ड बिअर’ची ‘चाइल्ड बिअर’ झालेली अनेकांनी पाहिली असेल. पेंटरने शब्द कानाने ऐकला आणि ऐकला तसा लिहिला: सी, एच, आय, एल, डी. एक ‘एल’ आणि एक ‘ई’ गळाला आणि थंडगार बिअरच्या जागी लहान मूल आलं. ‘अपघाती वळण’ लिहिताना ‘अ‍ॅक्सिडेंटल’ हा शब्द सर्रास वापरतात. त्याचा इंग्रजी अर्थ ‘चुकून झालेलं’, म्हणजे रस्ता बांधताना वळण चुकून पडलं! कर्नाटकातल्या कोडगूच्या रस्त्यावरची एक पाटी २०२४ मध्ये देशभर फिरली. कन्नडमध्ये लिहिलं होतं, घाई हेच अपघाताचं कारण. खाली इंग्रजीत ‘अर्जंट मेक अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’. आपल्या ‘अति घाई संकटात नेई’चंही शब्दाला शब्द ठेवून याहून वेगळं काही होणार नाही. त्या ओळीतला सगळा जीव ‘घाई’ आणि ‘नेई’च्या यमकात आहे. ते सोडून द्यावं आणि ‘सावकाश चालवा’ एवढंच इंग्रजीत सांगावं, हे कुणाला तरी सुचायला हवं.

गावाच्या नावाचं भाषांतर तर करूच नये. झारखंडात रांचीजवळ हटिया नावाचं स्टेशन आहे. हटिया-एर्नाकुलम गाडीच्या पाटीवर मल्याळममध्ये ‘हटिया’ऐवजी ‘कोलपातकम्’ छापलं गेलं, म्हणजे खून. कुणीतरी ‘हटिया’ला ‘हत्या’ समजलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये ती पाटी गाजली आणि त्या शब्दावर पिवळा रंग फासावा लागला. उद्या ‘पूर्णा’ असंच एखाद्या यंत्राच्या तोंडी दिलं, तर ‘कम्प्लीट जंक्शन’ हाती येईल. रोमन लिपीत या नावातला दीर्घ ऊकार आणि ‘ण’ असाही हरवतोच. पलीकडच्या वसमतचं तर रेल्वेच्या इंग्रजीत ‘बसमत’ झालेलं आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २००८ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीत अवजड वाहनांना बंदीची पाटी लागली. इंग्रजी बिनचूक होतं. खालच्या वेल्श मजकुराचा अर्थ मात्र असा होता, की मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्या. भाषांतरकाराच्या ईमेलवरून आपोआप आलेलं उत्तर पालिकेने जसंच्या तसं पाटीवर चढवलं होतं. पाटी बनवली, वाहून नेली, खांबावर ठोकली. एवढ्या हातांतून जाताना वेल्श जाणणाऱ्या एकाही माणसाने ती वाचली नाही. म्हणून मला पेंटरवर हसणं पटत नाही. त्याच्या हाती जो कागद येतो तो तो रंगवतो. कागदावर ‘ठीक आहे’ म्हणून सही करणाऱ्याने काय वाचलं, हे विचारायला हवं.

आणि आपल्या पाट्यांवरच्या मराठीचं काय? इंग्रजी चुकलं की फोटो निघतो, घरोघर फिरतो. मराठी चुकलं तर कुणी मान वळवत नाही. हिंदी मजकूर घ्यायचा, दोन क्रियापदं बदलायची आणि झालं मराठी. ‘यातायात’ म्हणजे हिंदीत वाहतूक. आपल्याकडे यातायात म्हणजे दगदग. ‘उपाहारगृह’ लिहिताना एक काना राहतो, ‘उपहारगृह’ होतं, आणि हिंदी वाचणाऱ्याला तिथे भेटवस्तू मिळतील असं वाटतं. ‘लक्ष द्या’ हे दोन सरळ शब्द असताना ‘ध्यान द्या’ कशाला? पूर्णा, वसमत ही मराठवाड्यातली स्टेशनं आहेत. रोज इथून जाणाऱ्या शेतकऱ्याला, बाजाराला निघालेल्या बाईला, परीक्षेला चाललेल्या पोराला आपल्याच भाषेतली पाटी अडखळत वाचावी लागते, याचा मला राग येतो.

उपायाला खर्च नाही. पूर्णेत शाळा आहेत, मराठी आणि इंग्रजी शिकवणारे शिक्षक आहेत. रंगाचा डबा उघडण्याआधी मजकुराचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा. लाल शाईची खूण करायला त्यांना दहा मिनिटंही लागणार नाहीत.